विक्रेत्यावांचून दुकान

अमेरिकेंतील मेम्फिस शहरांत सप्टेंबर १९१६ मध्यें क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनीं 'पिगली विगली' नांवाचें किराणा मालाचें दुकान उघडलें. तोंवर गिऱ्हाइकानें यादी सांगावी आणि नोकरानें जिन्नस काढून, वजन करून, पुडी बांधून द्यावी, अशी रीत होती. सॉन्डर्स यांनीं गिऱ्हाइकाच्या हातीं टोपली दिली, प्रत्येक जिनसेवर किंमत लावली आणि मांडण्यांमधील वाटेनें हिंडून माल निवडण्याचें काम त्याच्याकडेच सोंपविलें. या रचनेस १९१७ सालीं पेटंटहि मिळालें.

त्यांत लाभ खरा होता. नोकर कमी लागले, माल स्वस्त झाला, आणि श्रीमंतास व गरिबास भाव एकच झाला. उधारी मात्र गेली, व तिच्याबरोबर ओळखहि गेली.

तरीहि दाराशीं पैसे घेणारा मनुष्य उरला होता. २६ जून १९७४ रोजीं ओहायो राज्यांतील ट्रॉय गांवीं च्युइंगमच्या पुडक्यावरील काळ्या रेघा विक्रीच्या वेळीं प्रथम यंत्रानें वाचल्या. किंमत पाहण्याचें त्याचें काम तेव्हांपासून यंत्राकडे जाऊं लागलें. १९९२ सालीं न्यूयॉर्क राज्यांतील एका दुकानांत असें यंत्र आलें कीं, हिशेबहि गिऱ्हाइकानेंच करावा.

अशा रीतीनें श्रम नाहींसे झाले नाहींत. ते नोकराच्या हातांतून गिऱ्हाइकाच्या हातांत आले. १९१६ सालीं त्यांचा मोबदला गिऱ्हाइकास स्वस्ताईच्या रूपानें मिळाला. आज तो कोणाच्या पदरीं पडतो, हें विचारण्याचा त्यास अधिकार आहे. ज्या वृद्धास यंत्रावरील अक्षर दिसत नाहीं, त्याच्यासाठीं दुकानांत एक तरी मनुष्य असावा, ही मागणीहि न्याय्यच होय.