उजळ व गडद पडदा : एका निवडीचा इतिहास

दौलताबादनजीकच्या कागजीपुऱ्यात तयार होणाऱ्या हातकागदावर काळ्या शाईची अक्षरे उमटत. छत्रपती संभाजीनगरच्या बिदरी कामात मात्र काळ्या धातूवर रुपेरी नक्षी उठून दिसते. दोहोंत पार्श्वभूमीचा निर्णय करणाऱ्याचाच असतो. संगणकाच्या पडद्याबाबतही प्रारंभी हीच स्थिती होती. आरंभीच्या पडद्यांवर काळ्या पटावर उजळ अक्षरे दिसत. १९७३ च्या झेरॉक्स आल्टोने कागदाचे अनुकरण करून हा क्रम उलटविला. पुढे २०१९ मध्ये आयओएस १३ व अँड्रॉइड १० यांनी संपूर्ण मोबाइलपुरती ही निवड वापरणाऱ्याच्या हाती दिली.

परंतु एकाच आज्ञावलीतून दोन्ही प्रणालींसाठी घडविलेल्या अ‍ॅपला ही निवड कळावी कशी? रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या ०.६२ या आवृत्तीने २०२० मध्ये त्यासाठी ‘अपिअरन्स’ हा समाईक घटक दिला. तो प्रणालीकडून उजळ किंवा गडद ही पसंती जाणून घेतो. मात्र एकदाच विचारणे पुरेसे नव्हे. दिवसा उजळ असलेली पसंती सायंकाळी गडद होऊ शकते. म्हणून बदलाची सूचना मिळत राहील अशी व्यवस्थाही अ‍ॅपमध्ये करावी लागते.

तात्पर्य, पार्श्वभूमी ठरविण्याचा जो अधिकार दीर्घकाळ करणाऱ्याकडे होता, तो येथे पाहणाऱ्याकडे आला. ही पसंती न विचारणारे अ‍ॅप तो अधिकार पुन्हा हिरावून घेते.