देवगिरी : दुर्ग आणि गुरुपीठ

महाराष्ट्रातील एक इतिहासप्रसिद्ध गिरिदुर्ग व संत एकनाथ (सु. 1533–99) यांचे गुरू जनार्दनस्वामी (1504–75) यांचे साधनास्थान. दौलताबाद या नावानेही तो ओळखला जातो. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराच्या वायव्येस सु. 15 किमी. अंतरावर, वेरूळच्या वाटेवर तो उभा आहे. किल्ल्याचा मठ झाल्याची उदाहरणे यूरोपात आढळतात. बव्हेरियातील आंडेक्स येथे सरदारांच्या उद्ध्वस्त किल्ल्याच्या जागी 1455 मध्ये बेनेडिक्टाइन मठ स्थापन झाला. देवगिरीचे स्वरूप याहून निराळे आहे. येथे पहारे, तोफा व हिशेबाच्या वह्या चालू असतानाच किल्लेदाराचे घर गुरुगृह बनले.

यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे राजधानी वसविली. रामचंद्र यादवाच्या कारकीर्दीत (1271–1311) अलाउद्दीन खल्‌जीची स्वारी झाली (1296). 1318 मध्ये यादवसत्ता संपली. मुहम्मद तुघलकाने 1327 च्या सुमारास दिल्लीहून राजधानी येथे हलवून नगराला दौलताबाद हे नाव दिले. 1347 पासून बहमनींचा व 1499 पासून अहमदनगरच्या निजामशाहीचा अंमल येथे होता.

दुर्गाचे सामर्थ्य तटबंदीपेक्षा खडकात अधिक आहे. सु. 200 मी. उंचीच्या शंक्वाकृती टेकडीच्या कडा खालच्या भागात उभ्या तासून काढल्या असून भोवती खोल खंदक खोदला आहे. त्यामुळे बालेकिल्ल्यावर चढण्यास नैसर्गिक वाट उरली नाही. खंदकावरील अरुंद पुलाने पलीकडे गेल्यावर ‘अंधारी’ हा खडकातून कोरलेला, वळणे घेत चढणारा भुयारी मार्ग लागतो. त्याच्या वरच्या तोंडावर लोखंडी झडप घालून विस्तव पेटविण्याची व्यवस्था होती. धुराने कोंडून शत्रूला परतविता येई. खाली कालाकोट, महाकोट व अंबरकोट असे तट एकाबाहेर एक आहेत. महाकोटात हत्ती हौद, चाँदमिनार आणि 1318 च्या सुमाराची जामा मशीद आहे. तिचे स्तंभ जुन्या मंदिरांचे असल्याचे पाहताक्षणी लक्षात येते. येथील खडकात अपुरी राहिलेली लेणीही आहेत.

जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे देशपांडे. निजामशाहीत ते देवगिरीचे किल्लेदार होते, असे चरित्रकार सांगतात. ते दत्तोपासक होते व गुरुवारी किल्ल्यावरील कामकाज बंद ठेवीत, अशी आख्यायिका आहे. बालवयातच पैठणहून आलेल्या एकनाथांनी त्यांच्यापाशी राहून शास्त्राध्ययन केले, त्याचबरोबर दप्तरही सांभाळले. हिशेबातील एका पैची चूक रात्रभर जागून शोधल्यावर शिष्याला झालेला आनंद पाहून गुरूंनी त्याला परमार्थाकडे वळविले, ही कथा प्रसिद्ध आहे. गुरू समाधीत असता शत्रू चालून आला, तेव्हा एकनाथांनी गुरूंचा पोशाख व शस्त्रे धारण करून त्याला परतविले, अशीही कथा सांगतात. या कथा इतिहास म्हणून जशाच्या तशा स्वीकारता येत नाहीत; महीपतीचा भक्तलीलामृत हा ग्रंथ घटनेनंतर दोन शतकांनी, 1774 मध्ये झाला. तथापि दप्तर, शस्त्र आणि ध्यान ही तिन्ही एकाच आवारात नांदत होती, ही परंपरेची जाण त्यांतून व्यक्त होते. एकनाथांची ‘एका जनार्दनी’ ही नाममुद्रा याच सहवासाची खूण होय. जवळच्या शूलिभंजन डोंगरावर त्यांनी तप केल्याचे मानतात.

जनार्दनस्वामींच्या गुरूंविषयी मतभेद आहेत. दत्तसंप्रदायी परंपरेनुसार त्यांना नृसिंह सरस्वतींचा अनुग्रह होता. परंतु नृसिंह सरस्वतींचा काळ पंधराव्या शतकातला, म्हणून तो प्रत्यक्ष भेटीतला असणे कठीण दिसते. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांच्या रचनेत मात्र चांद बोधले यांनी जनार्दनांना उपदेश केल्याचा निर्देश आहे. चांद बोधले हे सूफी पंथातील असल्याचे रा. चिं. ढेरे यांनी प्रतिपादिले. हे मत ग्राह्य धरल्यास निजामशाही किल्ल्यातील दत्तोपासक अधिकारी व सूफी साधक यांचा संबंध अस्वाभाविक वाटत नाही.

बालेकिल्ल्याच्या वरच्या भागातील गुहेत जनार्दनस्वामींचे स्थान दाखवितात. शत्रूला दुर्गम असलेली उंची एकांतालाही उपयोगी पडली. त्यांची व एकनाथांची निर्याणतिथी फाल्गुन वद्य षष्ठी असून ती पैठणला नाथषष्ठी म्हणून साजरी होते.

1633 मध्ये महाबतखानाने किल्ला मोगलांसाठी जिंकला. शाहजहानच्या काळात गुहेपासून फार दूर नसलेल्या जागी बारादरी बांधली गेली. गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशाह 1687 नंतर मृत्यूपर्यंत येथे कैदेत होता. त्याचा बंदिवास चिनी महालात झाला, असे सांगतात. अठराव्या शतकात किल्ला हैदराबादच्या निजामाकडे गेला. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर जामा मशिदीत भारतमातेची मूर्ती स्थापन करण्यात आली.