वर्गाची पारख

आपल्या बीड जिल्ह्यात कोणत्याही गावच्या पारावर बसा. पोरांच्या शाळेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते : "काय करावं, पोराच्या डोक्यात काही शिरतच नाही." बाप ते म्हणतो, आजा म्हणतो, आणि कधीकधी गुरुजीही म्हणतात. मग हळूहळू पोराची शाळा सुटते आणि हातात कोयता येतो.

आता शेतातला आपला रिवाज पाहा. ज्वारी नीट उगवली नाही तर आपण एकदम बियाण्याला दोष देत नाही. वाफसा होता का, पेर खोल गेली का, पाखरांनी दाणे टिपले का, हे आधी बघतो. मुलाच्या बाबतीत मात्र आपण उलटे करतो. वर्ग कसा होता याची चौकशी न करता मुलाला 'ढ' ठरवून मोकळे होतो. गेल्या शंभर वर्षांत आपल्या मुलखात आणि मुलखाबाहेर वर्गांची जी पारख झाली, तिचा इतिहास थोडक्यात सांगावा, म्हणून हे भाषण.

पहिली गोष्ट भाषेची. अंबाजोगाईच्या दासोपंतांचे नाव आपणांस ठाऊक आहे. इ. स. १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. पंचीकरणासारखा अवघड तत्त्वविचार त्यांनी मराठीत मांडला आणि तो सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर लिहून काढला. तीच त्यांची प्रसिद्ध पासोडी. अवघड विषयही लोकांच्या बोलीत सांगता येतो, ही जाण आपल्या मातीत किती जुनी आहे, ते यावरून कळते.

पुढे निजामाच्या राज्यात चित्र बदलले. बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण द्यावयाचे, हा त्यामागचा विचार त्या काळी मोठा धाडसाचा होता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. शास्त्रीय पुस्तकांचे उर्दूत भाषांतर करण्यासाठी तेथे स्वतंत्र खाते उघडले होते. पण अडचण अशी की, संस्थानातील बहुसंख्य प्रजा घरी तेलुगू, मराठी किंवा कानडी बोलत होती. माध्यमिक शाळांतून मुख्य भाषा उर्दू. म्हणजे परक्या भाषेचे ओझे उतरवावयाला निघालेल्या राज्याने आपल्याच बहुसंख्य मुलांच्या डोक्यावर दुसऱ्या भाषेचे ओझे ठेवले. गणित समजण्याआधी गणिताची भाषा समजून घ्यावी लागे. उर्दू ही गोड आणि समृद्ध भाषा आहे, तिचा यात काही दोष नाही. दोष होता तो मुलाच्या घरची भाषा वर्गाच्या उंबऱ्याबाहेर ठेवण्यात.

यावर लोकांनीच उपाय शोधला. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. स्वामी रामानंद तीर्थ तेथे मुख्याध्यापक होते. १९३५ साली ते अंबाजोगाईस आले. त्या वेळी अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद. तेथील योगेश्वरी विद्यालयात त्यांनी शिकविले आणि १९३८ साली सत्याग्रह करून ते तुरुंगात गेले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे पुढारी म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्याआधी ते मास्तर होते, हे शिक्षक बंधुभगिनींनी विसरू नये. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. पुढे १९५३ साली युनेस्कोने जगभरच्या तज्ज्ञांचे मत प्रसिद्ध केले, तेही हेच होते, की मुलाच्या शिक्षणाला मातृभाषेसारखे दुसरे माध्यम नाही.

तेव्हा हा प्रश्न मिटला, असे तुम्ही म्हणाल. पण जरा तांड्यावर जाऊन पाहा. बंजारा घरातले पोर घरी गोरमाटी बोलते. पहिलीच्या वर्गात ते मराठी ऐकते आणि गप्प बसते. त्याच्या आजोबांच्या वर्गशेजाऱ्यांना उर्दूने जे केले, तेच त्याला आपली मराठी करीत नाही ना? गोरमाटीतले चार शब्द गुरुजींनी शिकून घेतले, तर ते गप्प पोर बोलू लागते.

दुसरी गोष्ट धाकाची. 'छडी लागे छमछम' हे आपल्याकडे सर्वांस पाठ आहे. त्याची परीक्षा दूर अमेरिकेत झाली, आणि तीही स्वामीजी सत्याग्रहात उतरले त्याच सुमारास. हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले कुर्ट लेविन हे मानसशास्त्रज्ञ तेव्हा आयोवा विद्यापीठात काम करीत होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची मंडळे केली. त्यांना मुखवटे तयार करण्यासारखी कामे दिली. काही मंडळांना हुकूम सोडणारा नायक दिला, काहींना मुलांशी विचारविनिमय करणारा, तर काहींना पोरांना मोकाट सोडणारा. १९३९ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. हुकमी नायक समोर असेपर्यंत मुले कामाला जुंपलेली असत. तो खोलीबाहेर गेला की काम थंडावे. विचारविनिमयाच्या मंडळात मात्र नायक बाहेर गेला तरी काम चालू राही. मोकाट सोडलेल्या मंडळांचे काम सर्वांत कमी झाले. म्हणजे वर्गाला शिस्त नकोच, असे नव्हे. शिस्त मुलाच्या मनात उतरली पाहिजे. ज्या शाळेत एकच गुरुजी चार इयत्ता सांभाळतात, तिथे तर याचे मोल फार. पाठ फिरली तरी ज्यांचे काम चालू राहते, असा वर्ग त्यांना हवा असतो.

तिसरी गोष्ट जागेची आणि वेळेची, आणि ही आपल्या महाराष्ट्रातली आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांवरची मुले शाळेत येईनात. शाळा भरे त्या वेळी ती गुरे राखावयास गेलेली असत. तेव्हा या बायांनी पोरांना नावे ठेवली नाहीत. त्यांनी शाळाच उचलून अंगणात नेली, आणि पुढे गुरांमागे कुरणात नेली. ती कुरणशाळा. खडे, बिया, पाने हेच तेथले शिकविण्याचे साहित्य. आज गावोगाव आपण 'अंगणवाडी' म्हणतो, त्या कल्पनेचे मूळ या दोघींच्या कामात आहे.

चौथी गोष्ट मानाची. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लहानपणी साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तेच बाबासाहेब पुढे औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली महाविद्यालय उभे करतात. तेच मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या किती गरीब घरांत त्यामुळे पहिला पदवीधर झाला! पण नुसते एका वर्गात बसविले म्हणजे अपमान संपतो का? कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधक बाईंनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरच्या चक्रव्यूहातून वाट काढण्याची कोडी घातली. जात उच्चारली नाही तेव्हा सवर्ण व दलित मुले सारखीच चमकली. मग मुलांच्या गटासमोर प्रत्येकाचे नाव, बापाचे नाव व जात मोठ्याने वाचली. त्याबरोबर दलित मुलांनी सोडविलेल्या कोड्यांची संख्या घसरली. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. मुले तीच, कोडी तीच. तेव्हा हजेरी घेताना 'काय रे ऊसतोड्या, आलास का?' असे गमतीने म्हणण्यापूर्वीही गुरुजींनी क्षणभर थांबावे.

पाचवी गोष्ट पातळीची, आणि मला वाटते, आपल्या जिल्ह्याला तीच सर्वांत उपयोगी आहे. मुंबईत १९९० नंतरच्या दशकात 'प्रथम' ही संस्था सुरू झाली. तिने मुंबई व बडोदे येथील महापालिका शाळांत 'बालसखी' नेमल्या. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली, बहुधा शालान्त शिक्षण झालेली तरुण मुलगी. तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५-२० मुले घेऊन ती शाळेच्या चार तासांपैकी दोन तास बसे, आणि पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून, मूल जिथे अडले तिथून शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ ते २००३ या दोन वर्षांत त्याची काटेकोर मोजदाद केली. बालसखी मिळालेल्या शाळा आणि न मिळालेल्या शाळा चिठ्ठ्या टाकाव्या तशा निवडल्या होत्या, म्हणजे पक्षपाताला जागा नाही. बालसखीच्या शाळांतील मुले पुढे गेली, आणि दुसऱ्या वर्षीची वाढ पहिल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट भरली.

यात एक नवल लक्षात ठेवण्याजोगे आहे. मागासलेली मुले बाहेर गेल्यावर मूळ वर्गातली गर्दी कमी झाली. तेव्हा उरलेल्या मुलांची प्रगती व्हावयास हवी होती. ती झाली नाही! म्हणजे नुसती संख्या घटवून काम भागत नाही. शिकविणे मुलाच्या पायरीवर आले तरच फरक पडतो. एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात मिळकतीचा बराच भाग ओसरला. एकदा पाणी देऊन पीक हाती येत नाही, तसेच हे. बॅनर्जींच्या मातोश्री निर्मला या माहेरच्या पाटणकर, मराठी घरातल्या. २०१९ साली बॅनर्जी, दुफ्लो व मायकेल क्रेमर यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे अशा शाळांतल्या प्रयोगांचाही वाटा होता.

पुढे २०१३-१४ साली उत्तर प्रदेशात याच रीतीची शिबिरे झाली. तिसरी ते पाचवीच्या मुलांचे गट इयत्तेप्रमाणे नव्हे, तर वाचता किती येते यावरून केले. शिबिरे १० ते २० दिवसांची, सगळे मिळून ५० दिवस. तेवढ्यात मुलांच्या वाचनात व गणितात मोठी वाढ दिसली.

आता हे ५० दिवस घेऊन आपण बीडला परत येऊ. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज, आष्टी, कुठूनही गाड्या भरतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. लेकरे बरोबर असतात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि त्यातला अर्धाअधिक काळ ही पोरे फडाजवळच्या कोपीत असतात, धाकटे भावंड सांभाळतात, वाढे गोळा करतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात, तेव्हा वर्ग पुस्तकाच्या शेवटच्या धड्यावर असतो. मग आपण म्हणतो, "याच्या डोक्यात काही शिरत नाही."

या प्रश्नावर काहीच झाले नाही, असे नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. आई-बाप फडावर गेले तरी पोर आजा-आजीजवळ गावातच राहावे, म्हणून हंगामी वसतिगृहे झाली. २००९ सालच्या कायद्याने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली. हे सारे हवेच. उचलीचा फास सुटल्याशिवाय आणि मजुरीला न्याय मिळाल्याशिवाय हे स्थलांतर थांबणार नाही, हेही खरे. नुसत्या शिकविण्याच्या रीतीने पोट भरत नाही.

पण ते होईपर्यंत जून ते दसरा हा काळ आपल्या हाती आहे. त्यात ५० दिवस बसतात. शिक्षक बंधुभगिनींनो, शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक पोराला जवळ बसवून चार ओळी वाचावयास द्या. कोण अक्षरावर अडते, कोण शब्दावर, कोण गोष्ट वाचते, ते वहीत टिपा. रोज एक-दोन तास इयत्ता विसरून त्या गटांना शिकवा. गावातली शिकलेली लेक-सून मदतीला घ्या. फडावर जाणाऱ्या पोराच्या दप्तरात त्याला वाचता येईल असे पुस्तक घाला आणि ते परत आल्यावर जिथे सुटले तिथून धरा.

आणि आई-बापांनो, तुम्हांला एकच सांगणे. गाडी भरण्याआधी एकदा शाळेत जा. आपले पोर कितवीत आहे, हे तुम्हांला ठाऊकच असते. "ते काय वाचतं, आम्हांला ऐकवा," असे गुरुजींना म्हणा. तुम्हांला स्वतःला वाचता येत नसले तरी, पोर अडखळते की सरळ वाचते, हे कानाला कळतेच. अडखळत असेल तर गावातल्या वसतिगृहात त्याची सोय होते का, हे त्याच दिवशी विचारून घ्या. गाडी निघाल्यावर मग पाच-सहा महिने ते विचारणारे कोणी नसते.