'क्षार' या शब्दाचा प्रवास

आम्ल आणि आम्लारी यांच्या अभिक्रियेतून क्षार व पाणी तयार होते, हे वाक्य मुलांना पाठ असते. पण धुण्याच्या सोड्याचे द्रावण तांबडा लिटमस निळा करते हे पाहिले, की "मग सोडा क्षार की अल्कली?" असा प्रश्न येतो. त्यामागे एका शब्दाचा मोठा इतिहास आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ११वा अध्याय क्षार तयार करण्याच्या कृतीचा आहे. वनस्पती जाळून राख करायची, ती कालवून गाळायची आणि तो द्रव आटवायचा. हा मृदू क्षार. त्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असते. त्यातच भाजलेल्या शंखशिंपल्यांचा चुना घातला, की तो अधिक दाहक होतो. कारण कार्बोनेट खडूच्या रूपाने खाली बसते आणि द्रावणात पोटॅशियम हायड्रॉक्साइड उरते. म्हणजे सुश्रुताचा क्षार ही अल्कलीच! अरबीतून आलेला 'अल्कली' हा शब्दही वनस्पतींच्या राखेशीच जोडलेला आहे.

क्षाराचा दाह आंबट द्रव्यांनी शमतो, कारण आंबटाशी संयोग होताच तो तीक्ष्णपणा सोडतो, असेही तेथे सांगितले आहे. हे उदासिनीकरणाचेच निरीक्षण होय. स्पष्टीकरण मात्र चवींच्या भाषेत आहे. नवा पदार्थ तयार होतो, हा विचार त्यात नाही.

तो विचार पॅरिसमधील रसायनशिक्षक रुएल यांनी स्पष्टपणे मांडला. आम्लाला घनरूप देणारा पाया म्हणजे 'बेस' आणि दोहोंच्या संयोगाने होते ते 'सॉल्ट', असे त्यांनी १७५४ मध्ये सांगितले. अल्कली, चुना, धातू असे वेगवेगळे पदार्थ त्यामुळे एका वर्गात आले.

मराठी परिभाषेत 'बेस'साठी आम्लारी, म्हणजे आम्लाचा अरी, हा शब्द आला आणि 'सॉल्ट'साठी क्षार. हिंदीने मात्र 'लवण' स्वीकारले. आपल्याकडे जुना अर्थ पापडखार, सज्जीखार या शब्दांत टिकून आहे. मुलांचा गोंधळ होतो तो येथे.

म्हणून क्षार शिकवताना मीठ, नवसागर आणि धुण्याचा सोडा यांची विरल द्रावणे लिटमसने तपासावीत. मीठ उदासीन, नवसागर आम्लधर्मी, तर सोडा अल्कलीधर्मी आढळेल. सोडा क्षारच आहे. पण तीव्र आम्लारी व सौम्य आम्ल यांपासून झालेला. मग सोड्याच्या द्रावणात चुन्याची निवळी घालावी. खाली बसणारा पांढरा खडू म्हणजे सुश्रुताच्या कृतीतलीच अभिक्रिया. क्षार नेहमी उदासीनच असतो, हा समज त्याच तासाला दूर होईल.