दोह्याच्या वेशीवरचे इस्पितळ

सिनेगॉगच्या स्मरणिकेत कतारच्या इस्पितळांचा इतिहास कशाला, असे काही वाचक म्हणतील. परंतु रुग्णसेवा आपल्या समाजाला परकी नाही. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२८ ते १९४७ पर्यंत मुंबईच्या कामा इस्पितळाची धुरा वाहिली, हे आमच्या पिढीच्या मुलींना घरोघरी ऐकविले जाई. पुढे कोणी नर्सिंग शिकून इस्राएलला गेल्या, कोणी विलायतेस. आम्ही काही जणी डिप्लोमा घेऊन दोह्यास उतरलो. तेथे सिनेगॉग नाही, मिन्यान नाही. शुक्रवारची बत्ती खोलीचे दार लोटून लावायची.

कतार पूर्वी मोत्यांच्या धंद्यावर जगे. १९३० च्या सुमारास जपानच्या पैदाशी मोत्यांनी तो धंदा बुडविला. दुखणे बळावले की गलबताने बहारीन गाठायचे. तेथे अमेरिकन मिशनचे इस्पितळ १९०३ पासून होते. ऐपतवाले मुंबईस येत. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच मिशनच्या डॉक्टरांनी दोह्यात काही वर्षे लहानसे इस्पितळ चालविले. १९४९ अखेर दुखानचे तेल परदेशी जाऊ लागले आणि हाती पैसा आला. १९५३ च्या स्पर्धेत ब्रिटिश वास्तुविशारद जॉन हॅरिस यांचा नकाशा पसंत पडला व १९५७ साली रुमेलाचे सरकारी इस्पितळ उघडले. त्या वेळी ती जागा गावाच्या पश्चिमेस, वेशीवरच म्हणावी अशी. बाजारात तेव्हा रुपया चाले, तो १९६६ पर्यंत!

गाव वाढत गेले आणि वेशीवरचे इस्पितळ शहराच्या पोटात आले. १९८२ साली जवळच हमद जनरल इस्पितळ सुरू झाले. रुमेला पुढे वृद्धांचे, अर्धांगाचे, वर्षानुवर्षे खाटेवर असलेल्यांचे झाले. आमच्या मते खरे नर्सिंग तेथेच. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, पाठीला जखम होऊ द्यायची नाही. ह्या कामाचा कोणी फोटो काढीत नाही.

उपनगरांची पाळी मात्र फार उशिरा आली. उत्तरेस अल खोरचे इस्पितळ २००५ साली, दक्षिणेस अल वक्राचे २०१२ साली. सर्वांत शेवटी इंडस्ट्रियल एरियाचा नंबर लागला. दोह्याच्या नैर्ऋत्येस गॅरेजे, गोदामे आणि मजुरांच्या खोल्या असलेली ती वस्ती. आपले, नेपाळचे, बांगलादेशचे लोक तेथे राहतात. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करण्यास २००७ साली बंदी आली, तरी उन्हाचा तडाखा बसलेले येतच. शहरातल्या इस्पितळापर्यंत यायचे म्हणजे गाडी हवी, सुट्टी हवी. सोबत खोलीतला एखादा जोडीदार असे, पण त्याचाही रोज बुडे म्हणून तोही थांबत नसे. बिक्कूर होलीमची मित्स्वा नातेवाइकांनी करायची, ती तेथे आमच्या वाट्यास येई. अलिबागकडचा एखादा पोरगा आमचे बोलणे ओळखून विचारी, "ताई, तुम्ही कुठल्या?" आम्ही नवगाव म्हणालो की त्याचा अर्धा ताप उतरे. मग घरचा नंबर सांगे आणि वर बजावी, "आईला इस्पितळ म्हणू नका."

त्या वस्तीसाठी हझम मेबैरीक इस्पितळ २०१८ साली उघडले, ११८ खाटांचे. दोन वर्षांत कोरोना आला आणि ते कोरोनाच्याच रुग्णांसाठी राखून ठेवावे लागले. आम्ही तोवर निवृत्त झालो होतो. दोह्यात ड्यूटीवर असलेल्या मैत्रिणींना रोज रात्री फोन करीत असू आणि प्रकृतीच्या आधी विचारीत असू, "आज किती खाटा रिकाम्या झाल्या?"