जाहिरात वेरूळची, गर्दी परभणीची

साल १९३५. कापसाचे दिवस. मुंबईहून आलेल्या गाडीतून तुम्ही मनमाडला उतरता. इथं गाडीच नव्हे, रूळही बदलतात. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेचा साडेपाच फुटी मार्ग सोडून आता निजाम स्टेट रेल्वेच्या एक मीटर रुंदीच्या मार्गानं पुढं जायचंय.

गाडीला अवकाश आहे. भिंतीवरच्या पोस्टरसमोर तुम्ही थांबता. ठसठशीत रंगांत वेरूळचं कैलास लेणं, खाली इंग्रजी अक्षरं. माणूस एखादाच, तोही लेण्याची उंची कळावी म्हणून काढलेला. हिंदुस्थान पाहायला या, असं सांगणारी रेल्वेची चित्रं लंडन-न्यूयॉर्कमध्येही लागली आहेत. अजिंठ्याची भित्तिचित्रं जपण्यासाठी निजाम सरकारनं १९२० मध्ये इटलीहून तज्ज्ञ आणले. पुरातत्त्वज्ञ गुलाम याझदानींच्या अजिंठ्यावरच्या ग्रंथाचा पहिला भाग १९३० मध्ये निघाला. लेण्यांचं नाव जगभर झालंय, आणि रेल्वेला ते नाव विकायचंय.

शिट्टी होते. तुमचं तिकीट तिसऱ्या वर्गाचं. लाकडी बाकावर जेमतेम टेकता, तोच मागून आवाज येतो, "पाव्हणं, जरा सरकता का?" गाठोडं, पितळी तांब्या, कडेवरचं लेकरू आणि आजी, सगळे मिळून वीतभर जागेत मावतात. इंजिनाचा कोळसा डोळ्यांत जातो. स्टेशनावर पाणी मागावं, तर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे दोन माठ.

औरंगाबादला पोस्टरचा प्रवास संपतो. वरच्या वर्गातले साहेब उतरतात. पुढं मोटार, मग लेणी. तुमचा डबा रिकामा होत नाही, उलट भरतो. जालना, परतूर, सेलू, मानवत रोड. काळी जमीन, पांढरी बोंडं, जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग आणि मालधक्क्यावर दाबलेल्या गाठी. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मार्ग पुरा झाला, तेव्हापासून इथल्या कापसाला मुंबईची वाट जवळची झाली.

मनमाडपासून सुमारे २९० किलोमीटरवर परभणी येते. चहा घेऊन तुम्ही ब्रिटिश सरकारचा कलदार रुपया पुढं करता. चहावाला तो निरखतो आणि मोड हाली नाण्यांत देतो. राज्य निजामाचं, नाणंही त्याचंच. सहा कलदारांना साधारण सात हाली रुपये पडतात.

इथं डबा फुटतो. आजी परळीची गाडी धरते. १९२९ मध्ये सुरू झालेल्या या फाट्यानं जनाबाईंचं गंगाखेड आणि परळीचा वैजनाथ रुळावर आले. काही जण पूर्णेला गाडी बदलून हिंगोलीकडं जातील, औंढ्याच्या नागनाथाला. काही थेट नांदेडला, गुरुद्वाऱ्यात माथा टेकायला. यातल्या कुणालाही पोस्टरनं बोलावलेलं नाही. पंचांग, जत्रा, सोयरीक, कोर्टाची तारीख आणि बाजाराचा भाव यांनी त्यांना गाडीत बसवलंय.

आता परत या. १९५१ मध्ये निजाम स्टेट रेल्वे मध्य रेल्वेत गेली, १९७४ मध्ये तिसरा वर्ग बंद झाला आणि १९९० च्या दशकात इथले मीटरगेजचे रूळ उखडून रुंद रूळ आले. ती जुनी पोस्टरं आज लिलावात मोठ्या किमतीला जातात, आणि चित्रं देखणी आहेत यात वाद नाही. पण हिंदुस्थानातल्या रेल्वेची प्रवासी-कमाई मुख्यतः तिसऱ्या वर्गातूनच येत होती, आणि त्या प्रवाशाचं चित्र काढायला कुणी चित्रकार नेमला नाही. तेव्हा परभणी-सेलूकडच्या एखाद्या जुन्या वाड्यातल्या ट्रंकेत पुठ्ठ्याचं तिकीट, वेळापत्रक किंवा कापसाच्या गाठींची बिल्टी सापडली, तर रद्दीत घालू नका. या मार्गाचा खरा इतिहास त्या कागदांत आहे.