भिंतीवरचा डबा आणि भिंतीमागची तार

१९१२च्या सुमारास अमेरिकेतल्या एखाद्या सुखवस्तू घराच्या गॅरेजमध्ये रात्री डोकावले असते, तर संगमरवरी किंवा पाटीच्या दगडाच्या फलकामागे एक काचेचा मोठा फुगा निळसर उजेडाने लुकलुकताना दिसला असता. फुग्याच्या तळाशी पारा आणि वर दोन काचेचे हात. फुगा किंचित कलवला की पारा सरकून ठिणगी पडायची आणि आतली ज्योत पेटायची. त्या ज्योतीतून वीज एकाच दिशेने वाहते, त्यामुळे रस्त्यावरून आलेला एसी प्रवाह बॅटरीला चालणारा डीसी होऊन बाहेर पडायचा. पीटर कूपर ह्यूइट यांनी १९०२ मध्ये शोधलेले हे यंत्र जनरल इलेक्ट्रिक कंपनीने विजेच्या मोटारींच्या मालकांना विकले. ज्या गल्लीत एडिसनच्या पद्धतीचा डीसी पुरवठा होता तिथल्या माणसाला पाऱ्याचा फुगा लागत नसे. प्रवाहाला आवर घालणारा रोधक आणि एक फलक एवढ्यावर त्याचे भागे. म्हणजे गाडी तीच, बॅटरी तीच, पण शेजारच्या दोन गल्ल्यांत दोन वेगळी यंत्रे. घरचा चार्जर कोणता घ्यायचा हे गाडीपेक्षा घराबाहेरची तार ठरवत होती. शंभरहून अधिक वर्षांनंतर आपण हाच प्रश्न मात्र उलट्या टोकाने विचारतो: आधी भिंतीवरचा चार्जरचा डबा निवडतो आणि तारेकडे सर्वात शेवटी बघतो.

त्या काळातल्या चार्जिंगला नोकराची किंवा निदान जागरूक मालकाची गरज होती. शिसे-आम्लाच्या बॅटरीत आधी जास्त आणि भरत आल्यावर कमी प्रवाह सोडावा लागे, आम्लाची घनता मोजून बॅटरी किती भरली ते ताडावे लागे, आणि शेवटी सुटणारा हायड्रोजन कोंडू नये म्हणून खोली हवेशीर ठेवावी लागे. हा सारा व्याप ज्याच्याकडे स्वतःची गाडीखोली आणि त्या खोलीपर्यंत आणलेली वीज होती, त्यालाच परवडे. शहरातले बाकीचे मालक गाडी सार्वजनिक गॅरेजमध्ये ठेवत. तिथली माणसे ती धूत, रात्री चार्ज करत आणि सकाळी दारात आणून उभी करत. १९०० साली अमेरिकेत बनलेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,६८१ वाफेच्या, १,५७५ विजेच्या आणि अवघ्या ९३६ पेट्रोलच्या होत्या. इतक्या चांगल्या सुरुवातीनंतर विजेची गाडी मागे का पडली, याचे उत्तर सहसा तीन शब्दांत मिळते: पल्ला, किंमत, स्टार्टर. १९०८ला फोर्डची मॉडेल टी आली आणि वर्षागणिक स्वस्त होत गेली; १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला आणि हँडल मारण्याचा जाच संपला. हे सारे खरे आहे, आणि केवळ घरात चार्जर नसल्याने विजेची गाडी हरली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण १९३० पर्यंतही अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरात वीज पोहोचली होती. पेट्रोलचा डबा वाण्याच्या दुकानातही मिळू शकत होता. पाऱ्याचा फुगा पेटवायला मात्र आधी घरापर्यंत खांब यावे लागत. खुद्द हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत. त्यांच्या घरी विजेची चणचण नव्हती, हे सांगायला नकोच.

मधल्या काही दशकांत या बाबतीत फारसे काही घडले नाही. १९९६ मध्ये जनरल मोटर्सने ईव्ही१ ही गाडी कॅलिफोर्नियात भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा जुना वाद नव्या रूपात परतला. त्या गाडीच्या नाकाशी एक फट होती आणि तीत प्लॅस्टिकचे चपटे वल्हे खुपसायचे. धातूला धातू लागत नसे. भिंतीवरच्या यंत्रातून उच्च वारंवारतेचा प्रवाह वल्ह्यातल्या वेटोळ्यात यायचा आणि चुंबकीय क्षेत्रातून गाडीत उतरायचा. पावसात उभे राहून लावले तरी झटका बसायची भीती नाही, असा त्याचा गुण. समोरच्या गटाचे म्हणणे होते की साध्या पिनांच्या प्लगने एसी वीज सरळ गाडीत जाऊ द्या, डीसी करण्याचे काम गाडीतच होईल. वरवर पाहता हे भांडण प्लगच्या आकाराचे होते. खरा मुद्दा मात्र महागडे इलेक्ट्रॉनिक्स घराच्या भिंतीवर राहणार की गाडीच्या पोटात, हा होता. २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा नियंत्रण मंडळाने दुसऱ्या गटाच्या बाजूने कौल दिला आणि वल्ह्यांचे उत्पादन लवकरच थांबले. तशाच फटीच्या काही टोयोटा गाड्या पुढे वर्षानुवर्षे रस्त्यावर राहिल्या आणि त्यांच्या मालकांवर बंद पडलेल्या यंत्रांचे सुटे भाग शोधत फिरण्याची पाळी आली. डब्याला गाडीपेक्षा अधिक महत्त्व दिले की असे होते.

त्या निर्णयानंतर भिंतीवरच्या डब्याला ‘चार्जर’ म्हणणे हे खरे तर सवयीचे बोलणे उरले. एसीवर गाडी भरताना चार्जर गाडीत असतो. डबा गाडीला एका बारीक संकेताने सांगतो की या तारेतून इतकेच अँपिअर ओढ, जोडणी नीट झाल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि गळती दिसली की तोडतो. म्हणजे तो पहारेकरी आहे. २०१० मध्ये अमेरिकेत पाच पिनांचा गोल प्लग ठरला. जर्मनीतल्या मेनेकेस कंपनीच्या आराखड्यातून आलेला सात पिनांचा टाइप २ युरोपीय संघाने २०१४ मध्ये प्रमाण मानला, कारण तिथल्या अनेक घरांत थ्री फेज येते आणि अमेरिकी प्लगला ते पेलत नाही. इथेही प्लगची घडण घरातल्या पुरवठ्याने ठरवली. भारतात टाइप २ रुळला, पण त्याआधीपासून आपला स्वतःचा एक प्लग होता: तीन गोल पिनांचा, १५ अँपिअरचा. ब्रिटनने १९३४ मध्ये प्रमाणित केलेला हा नमुना १९४७ मध्ये चपट्या पिनांच्या नव्या प्लगसाठी बाजूला सारला; आपण तो ठेवला आणि गिझर, इस्त्री, वातानुकूलक सारे त्याच्यावर चालवले. २००१ मध्ये बंगळूरहून निघालेली रेवा याच पॉइंटवर चार्ज होई. पुण्याजवळ रांजणगावला बनणारी टाटांची नेक्सॉन ईव्ही २०२० मध्ये ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी घेऊन आली, तीही रात्रभरात याच पॉइंटवर भरे. २०२२ मध्ये ४०.५ किलोवॅट-तासांची आवृत्ती आली आणि सोबत ७.२ किलोवॅटचा पर्याय. तेव्हापासून ‘मोठा चार्जर घेऊ का?’ हा प्रश्न घरोघर आहे.

मोठा म्हणजे चांगला, हा युक्तिवाद हिशेबात टिकत नाही. गाडीतला चार्जर ७.२ किलोवॅटचा असेल तर भिंतीवर २२ किलोवॅटचा डबा लावूनही गाडी ७.२च घेईल. रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला किलोमीटरमागे १५० वॅट-तास धरले तर ६ युनिट लागतात, ३.३ किलोवॅटच्या पॉइंटवर ते सुमारे दोन तासांत भरतात, आणि गाडी तर रात्रभर उभीच असते. मग डबा घ्यायचाच कशाला, अशी उलट शंका येईल, आणि ती वाजवी आहे. तिचे उत्तर गिझरमध्ये आहे. गिझर १५ मिनिटे चालतो. रिकामी झालेली गाडी पूर्ण भार सलग आठ-नऊ तास ओढते. ढिल्या स्प्रिंगचा जुना पॉइंट गिझरला निभावून नेतो, गाडीपुढे तापतो आणि कधी वितळतो. शिवाय गाडीतून डीसीची सूक्ष्म गळती झाली तर गळती दिसताच वीज तोडणारा घरातला साधा आरसीसीबी स्विच बधिर होऊ शकतो. ती ओळखणारे संरक्षण कुठे तरी असावेच लागते, आणि चांगल्या डब्यात ते असते. तेव्हा डब्याचे पैसे वेगासाठी नव्हे, या राखणीसाठी मोजायचे. वेग हवाच असेल तर ३२ अँपिअरसाठी मीटरपासून पार्किंगपर्यंत तांब्याची जाड स्वतंत्र तार आणि पक्के अर्थिंग लागते. कित्येक इमारतींत हा खर्च डब्याची किंमत गाठतो.

राहता राहिला जागेचा प्रश्न, आणि तो सर्वात जुना आहे. १९१२च्या अमेरिकेत ज्याची गाडीखोली त्याचा चार्जर, तसे आज मुंबई-पुण्यात ज्याचे पार्किंग त्याचा चार्जर. कायद्याने वाट बरीच मोकळी केली: चार्जिंग म्हणजे वीजविक्री नव्हे, त्यासाठी परवाना नको, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले, आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या मार्गदर्शक सूचनांत घरी व कार्यालयात खासगी चार्जिंगला मुभा दिली. पण कोणाच्या मीटरवरून तार ओढायची आणि ती जिन्याखालून न्यायची की गच्चीवरून, हे अजूनही सोसायटीच्या बैठकीतच ठरते. तेव्हा शोरूममधल्या माणसाने डब्याचे मॉडेल पुढे करण्याआधी घरचे वीजबिल काढा, त्यावरचा मंजूर भार वाचा, आणि वायरमनला घेऊन मीटरपासून पार्किंगपर्यंतचे अंतर एकदा मोजून घ्या.